बारमाही पाण्यातली आंघोळ

आंघोळ केल्याची लाज वाटणारी माणसं जगात फार नसावीत. मी एक आहे. बरं, ती आंघोळ चोरून केलेली नव्हती. उघड्यावर केली हे खरं, पण अंगात बनियन होतं, कमरेला पंचा होता आणि समोर माझी लग्नाची बायको उभी होती. तरीसुद्धा आजही मोरीत शाम्पूचा फेस दिसला की माझी मान आपोआप खाली जाते.

मी राहतो जव्हारला आणि नोकरी करतो मोखाड्याच्या बाजूला, एका सरकारी कचेरीत. पाणीटंचाईच्या टेबलावर. म्हणजे कुठल्या पाड्याला उन्हाळ्यात टँकर द्यायचा आणि कुठल्या पाड्याला का देता येत नाही, हे कागदावर उतरवणारा कारकून तो मी. बावीस वर्षं झाली. सूर्यमाळपासून खालच्या शेवटच्या वस्तीपर्यंत सगळ्या पाड्यांची नावं, घरं, विहिरी, झरे मला तोंडपाठ आहेत. (पाहिलेलं त्यातलं फारसं काही नाही. फाईल टेबलावर आपण होऊन येते, पाड्यावर मात्र आपल्याला जावं लागतं.)

फेब्रुवारीच्या शेवटी माझा मेहुणा प्रशांत आणि त्याची बायको रश्मी डोंबिवलीहून आमच्याकडे चार दिवस राहायला आली. दोघं नुकतीच बालीला जाऊन आली होती. पहिल्या दिवशी जेवणानंतर रश्मीने फोन टीव्हीला जोडला आणि आम्हाला धबधबे दाखवायला सुरुवात केली. एक धबधबा झाला की दुसरा. हिरव्या दरीत पडणारा, गुहेतून पडणारा, एकाच्या पोटातून दुसरा निघणारा. प्रत्येक धबधब्याखाली प्रशांत उभा, आणि मान मागे झटकून केसांतलं पाणी उडवतोय. माझी बायको मंदा प्रत्येक फोटोला "अगं बाई" म्हणत होती. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझ्या एकाही गोष्टीला तिने सलग इतक्या वेळा "अगं बाई" म्हटलेलं नाही.

मी म्हणालो, "छान आहेत. पण आम्हाला काय त्याचं? आमचा जन्मच धबधब्यात गेला."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. कारण प्रशांत सरळ मनाचा माणूस. तो लगेच म्हणाला, मग उद्याच जाऊ या की भाऊजी, तुमचे धबधबे बघायला.

आता आमच्याकडचे धबधबे नावाजलेले आहेत यात शंका नाही, पण ते पावसाळ्यात. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचे नुसते काळे कातळ उरतात आणि त्यावर माकडं बसतात. सकाळी मी वेळ काढण्यासाठी पाहुण्यांना आधी शिरपामाळच्या ऐतिहासिक जागेवर नेलं. महाराज इथे थांबले होते वगैरे भक्तिभावाने सांगितलं. दहा मिनिटांत ते संपलं. ऊन चढायला लागलं होतं. रश्मीने पाण्याच्या बाटलीतला शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, "भाऊजी, धबधबा कुठल्या बाजूला?"

मंदा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं की कुठल्याच बाजूला नाही.

आणि त्याच क्षणी मला ती फाईल आठवली. सूर्यमाळच्या पुढच्या एका पाड्याची. (पाड्याचं नाव मी लिहीत नाही. चूक त्यांची नव्हती.) त्या फाईलवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: पाड्याच्या खाली ओढ्यात कातळातून पडणारा झरा आहे, पाणी बारमाही आहे. बारमाही! अख्ख्या तालुक्यात फेब्रुवारीत वरून खाली पडणारं पाणी कुठे आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? बावीस वर्षांच्या नोकरीचा घरच्यांसमोर उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या आनंदात पाणी बारमाही आहे एवढंच मला आठवलं. ते फाईलवर कशासाठी लिहिलं होतं, हे आठवायची तसदी मी घेतली नाही.

प्रशांतची नवी गाडी खोडाळ्यावरून सूर्यमाळचा घाट चढली. पुढे रस्ता संपला, तिथे एका मोहाच्या झाडाखाली ती लावली आणि आम्ही पायवाटेने ओढ्यात उतरलो. वरच्या अंगाला पाड्याची कौलं दिसत होती, पण चिटपाखरू नव्हतं. बाया-पुरुष कामावर गेलेले असावेत. आणि खरोखरच तिथे पाणी होतं. पुरुषभर उंचीच्या कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार निघत होती. ती बांबूच्या अर्ध्या चिरलेल्या पन्हळीत पडत होती आणि पन्हळीतून खाली एका कुंडात. कुंड मात्र सुरेख. चारही बाजूंनी दगड रचलेले, तळ दिसेल इतकं नितळ पाणी.

रश्मी म्हणाली, किती छोटा आहे. मी म्हणालो, बालीसारखा बाजारू नाही. मग मी गाईडचं काम सुरू केलं. पन्हळीवर हात ठेवून मी सांगितलं की ही इथली पारंपरिक कला, धबधब्याला वळण देण्याची. पन्हळीच्या तोंडाला एक पांढरं फडकं बांधलेलं होतं. ते फोटोत वाईट दिसत होतं. कोणीतरी कचरा टाकून गेलंय, आपल्या लोकांना निसर्गाची किंमत नाही, असं म्हणत मी ते सोडलं, त्याने चष्मा पुसला आणि लांब एका करवंदीच्या जाळीवर फेकून दिलं.

कुंडाच्या कडेला हंड्यांची रांग होती. रिकामे हंडे, कळशा, एक तेलाचा डबा, मध्येमध्ये नुसते दगड, आणि एका दगडाखाली पळसाचं पान. रश्मीला ते फार आवडलं. तिकडे बालीतही फोटोसाठी असं मांडून ठेवतात, म्हणाली. झोका, टोपल्या, छत्र्या. आपण उचलायचं, फोटो काढायचा. मला क्षणभर, अगदी क्षणभरच, शंका आली. सूर्यमाळच्या पुढे फोटोसाठी हंडे कोण मांडेल? पण समोर पाहुणे खूश होते, धबधबा चालला होता, मी ती झटकून टाकली. रश्मीने ते सगळे हंडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. मधले दगड दिसायला बरे नव्हते, ते मी पायाने बाजूला केले. पळसाच्या पानाचा दगड चपटा होता, तो मी कुंडात टाकला, बसायला.

कारण आता माझा फोटो निघायचा होता.

इथे प्रशांतने मला एक संधी दिली, हे मी नमूद करतो. तो पायातले बूट हातात घेऊन काठावर उभा होता. त्याने विचारलं, "भाऊजी, हे प्यायचं पाणी तर नाही ना?"

मी म्हणालो, "अरे, मी पाण्याच्या टेबलावर बसतो."

 मी बनियन आणि पंचावर कुंडात उतरलो आणि त्या चपट्या दगडावर बसलो. पाणी इतकं गार होतं की मी पहिलं अर्धं मिनिट देवाचं नाव घेतलं. मग रश्मीने फोन धरला आणि सांगितलं, की प्रशांतसारखी मान झटका. मी झटकली. काही उडालं नाही. (माझ्या डोक्यावर पाणी धरून ठेवण्याइतके केस उरलेले नाहीत.) दुसऱ्यांदा झटकली, मानेत उसण भरली. तेव्हा रश्मीला युक्ती सुचली. तिच्या पिशवीत बालीच्या हॉटेलातून आणलेली शाम्पूची छोटी बाटली होती. फेस असला की झटकताना दिसेल, म्हणाली. मंदा म्हणाली, "अहो, नको." ती हे इतक्या गोष्टींना म्हणते की कुठल्या गोष्टीला खरंच नको असतं ते मला वेगळं काढता येत नाही.

मी अख्खी बाटली डोक्यावर रिकामी केली. शाम्पूला चाफ्यासारखा वास होता. फेस झाला तो माझ्या केसांच्या मानाने कितीतरी जास्त झाला. कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून गळ्यावर, गळ्यावरून कुंडात. मी मान झटकली आणि यावेळी खरोखर उडालं, पार हंड्यांपर्यंत. रश्मी टाळ्या वाजवत होती. मी डोळे मिटून विचारलं, आला का चांगला?

 टाळ्या थांबल्या होत्या.

डोळे धुऊन पाहिलं तर ओढ्याच्या वरच्या कडेला पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. डोक्यावर चुंबळी. कोणी ओरडत नव्हतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही उलटा ओरडलो असतो, तेवढं कचेरीत शिकलोय. त्या नुसत्या बघत होत्या. आधी माझ्याकडे, मग कुंडावर पसरलेल्या फेसाकडे, मग उंचीप्रमाणे लावलेल्या हंड्यांकडे.

सगळ्यात पुढची म्हातारी खाली उतरली. तिला सगळ्या सोमीबाय म्हणत होत्या. काठाशी येऊन तिने शांतपणे विचारलं, "झाली अंघोळ?"

"झाली," मी म्हणालो.

"आजून करायची असंल तं करून घ्या. आता काय."

मग हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली, आणि प्रत्येक गोष्ट कळली तसा मी कुंडात थोडा थोडा खाली बसत गेलो. धार बारीक असल्यामुळे पाड्यात नियम होता. पहाटे पाणी भरायचं, मग दिवसभर कुंडाला कोणी हात लावायचा नाही. कुंड भरू द्यायचं, निवळू द्यायचं, आणि ऊन कलल्यावर पुन्हा भरायचं. राखण ठेवावी लागत नव्हती. पाड्यातलं लहान पोरसुद्धा त्या वेळात तिकडे फिरकत नसे. फडकं होतं ते गाळणं. हंड्यांची रांग म्हणजे नंबर. ज्या घरात जादा हंडा नाही, त्या घराचा नंबर दगड धरतो. आणि पळसाच्या पानाचा दगड होता तो एका ओल्या बाळंतिणीचा, तिला ताटकळावं लागू नये म्हणून सगळ्यांनी मिळून तिला पहिला नंबर दिला होता.

त्या नंबरावर मी बसलो होतो.

मी उठलो. पाण्यात हात घालून दगड शोधला आणि एक काढून दिला. तो नव्हता. दुसरा दिला. तोही नव्हता. ओढ्यात दगडांची काही कमतरता नव्हती. सोमीबाय म्हणाली, राहू द्या.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली. मी चष्मा काढलेला, डोक्यावर फेस, अंगात ओलं बनियन. अशा अवस्थेत माझी आईही मला ओळखणार नाही असं मला वाटत होतं. पण टेबलामागच्या माणसाचा चेहरा लोक कसा लक्षात ठेवतात कोण जाणे.

"तुमी त्या टँकरच्या टेबलावरले नं?" ती म्हणाली. "आमी अर्ज घेऊन आलतो. तुमीच सांगलास, तुमचा पानी बारमाही हाय. आटत नाय. टँकर नेमात बसत नाय."

मंदाने डोक्यावरून पदर घेतला. उन्हासाठी नव्हे.

पाड्यातल्या तीन बाया अर्ज घेऊन आल्या होत्या, ते मला आता आठवलं. मी त्यांना फाईल उघडून दाखवली होती. बघा, इथे लिहिलंय, बारमाही. कोणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं नव्हतं. मी मागच्या वर्षीच्या फाईलवरून उतरवलं होतं. मागच्या वर्षी त्याच्या मागच्या वर्षीच्या फाईलवरून. धार करंगळीएवढी आहे की मनगटाएवढी, असा रकानाच आमच्या नमुन्यात नाही.

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं. पण फेस तोंडात गेला आणि मला ठसका लागला. सोमीबायने माफीची वाट पाहिली नाही. कुंड उपसावं लागेल, म्हणाली. सगळं. तळापर्यंत. मग घासायचं, मग पुन्हा भरू द्यायचं. म्हणजे आज संध्याकाळचं पाणी गेलं. घरात पहाटेचं होतं ते दुपारीच संपलेलं.

मी उपसायला लागलो. माझ्या हातात हंडा आणि काठावर बायांची ओळ. मी भरून द्यायचो, त्या वर न्यायच्या. मला वाटलं, फेकायला नेतायत. तशी नव्हती गोष्ट. एक तरणी बाई जाताजाता म्हणाली, "आयता फेस हाय, कपडं धुवून टाकू." बाकीच्या हसल्या. ते हसणं माझ्यावर होतं, पण पहिल्यांदा कोणीतरी हसलं म्हणून मला बरं वाटलं. त्या दिवशी अख्ख्या पाड्याच्या कुंपणांवर चाफ्याच्या वासाचे कपडे वाळत होते.

प्रशांत बूट ठेवून कुंडात उतरला. रश्मीने फोन पिशवीत टाकला, तो मग दिवसभर बाहेर आला नाही. जाळीवरचं फडकं शोधून मंदाने पुन्हा पन्हळीला बांधलं आणि दगड घासायला घेतले. घासताना तिने मला एकच प्रश्न विचारला, आवाज न चढवता. "तुम्ही कचेरीत जाऊन करता तरी काय हो?" मी उपसत राहिलो.

कुंड रिकामं झालं तेव्हा दिवस मावळतीकडे झुकला होता. पन्हळीतून तीच करंगळीएवढी धार पडत होती. रिकाम्या कुंडात उभं राहून ती धार बघितली तेव्हा मला कळलं की हे भरायला उद्याची सकाळ होणार. मी मनातल्या मनात टँकरचा विचार केला. पण टँकरला काय काय लागतं ते माझ्याइतकं कोण जाणतं? ग्रामसभेचा ठराव, प्रस्ताव, पाहणी, शिफारस, मंजुरी. माझ्या टेबलावरून पुढे जायलाच पंधरा दिवस. या सगळ्यात लवकरची गोष्ट म्हणजे प्रशांतची गाडी होती, आणि ते मी त्याला सांगायच्या आत त्यानेच किल्ली काढली.

मग आम्ही त्या नव्या गाडीतून हंडे वाहिले. सूर्यमाळलाही पाण्याची ओढ, म्हणून खाली खोडाळ्यापर्यंत. मागच्या सीटवर हंडे, डिकीत हंडे, रश्मीच्या मांडीवर कळशी, मंदाच्या पायांत डबा. प्रत्येक हंड्याच्या तोंडावर बायांनी पळसाचं पान घातलं होतं, तरी घाटाच्या प्रत्येक वळणाला अर्धा पेला पाणी माझ्या मानेत. जिथे उसण भरली होती बरोबर तिथे. गाडीच्या सीटवर अजून प्लास्टिकचं वेष्टण होतं, ते पहिल्या खेपेत फाटलं. प्रशांतने ते ओढून काढलं आणि डिकीत कोंबलं. दुसऱ्या खेपेत खड्डा चुकवताना तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, बालीत आम्हाला पाण्यात नुसतं फूल सोडायचं होतं ना, तर आम्ही आधी तिथल्या माणसाला विचारलं होतं."

चार खेपा झाल्या. प्रत्येक घराला एकेक हंडा पोचला, पहिला बाळंतिणीकडे. तो मी स्वतः चढून नेला आणि दारात ठेवून, आत न बघता परत आलो.

निघताना सोमीबायने आम्हाला अंगणात बसवलं आणि आम्हीच आणलेल्या हंड्यातलं पाणी तांब्यात घालून पुढे केलं. प्या, म्हणाली, दमलासा. नाही म्हणायची सोय नव्हती. इतकं जड पाणी मी आयुष्यात प्यालो नाही. मग मी विचारलं, मावशी, मी काय करू? तिने थोडा विचार केला.

"धार केवढी हाय ती पाह्यली नं तुमी? तशी लिवा. आन् पानी कोनी नासवला ते नका लिवू. तुमची नोकरी हाय."

बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, सरपंचाला बोलावलं असतं, तर मी घरी जाऊन दोन दिवस कुढलो असतो आणि विसरलो असतो. पण तिने माझी नोकरी सांभाळली.  जव्हार येईपर्यंत माझ्या डोक्याला चाफ्याचा वास येत होता.

सोमवारी मी टँकरचा प्रस्ताव लिहायला बसलो. मागच्या फाईलवरून उतरवायचा नाही म्हटल्यावर पेन बराच वेळ चालेना. मग लिहिलं, झरा बारमाही आहे पण धार करंगळीएवढी आहे, कुंड दिवसातून जेमतेम दोनदा भरतं, एक माणूस चुकला तर पाडा उपाशी नव्हे पण तहानलेला राहतो. तो एक माणूस कोण, ते सोमीबायच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं नाही. फाईल घेऊन स्वतः साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी दोनदा वाचली. मागच्या साऱ्या वर्षांचं माझंच अक्षर काढून शेजारी ठेवलं.

"ही पाहणी कोणी केली?"

"मी, साहेब. जागेवर जाऊन."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी जागेवर गेलो ही बातमी त्यांना झऱ्यापेक्षा नवी होती. "कुंड भरल्यावर पाणी किती असतं?"

"बसलं तर गळ्यापर्यंत, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बसून कशाला पाहिलंत?"

बावीस वर्षांत त्या खोलीत मी कधी इतकं खरं बोललो नव्हतो.

"डोक्याला शाम्पू होता, साहेब."